बीएमआय २३.७, तरी फॅटी लिव्हर आणि साखर काठावर, असं कसं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३८, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ७० किलो, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३.७. कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर. आई-वडील दोघेही दक्षिण आशियाई मूळाचे. सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर आलंय, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ५.९, उपाशीपोटीची साखर १०६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६. तुमच्या ऑफिसातली एक सहकारी युरोपीय मूळाची, वय ४१, उंची १६५, वजन ८४, बीएमआय जवळपास ३१. तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. तुम्ही विचारलंय, "ती जाड असून ठणठणीत, मी सडपातळ असून आजारी. मग बीएमआय ही थापच समजायची का? आणि मी वजन कमी करायचं तरी कुठून, अंगावर आहेच काय?"

तुमचा वैताग मला कळतो. गेली तेवीस वर्षं मी मधुमेह आणि चयापचयाचे आजार असलेले पेशंट पाहते आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच. रिपोर्ट हातात घेऊन समोर बसलेल्या माणसाला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटत असतं. आयुष्यभर सगळे "किती बारीक आहेस" म्हणत आले आणि आता डॉक्टर म्हणतात चरबी वाढली.

पण "मी जाड आहे की नाही?" हा यातला खरा प्रश्न नाही. तुमच्या शरीरात चरबी सुरक्षित ठेवायला जागा किती आणि ती जागा भरून गेली आहे का, हा खरा प्रश्न आहे. तुमचे रिपोर्ट पाहता ती भरली आहे असंच मला वाटतं. आता असं का वाटतं ते सविस्तर सांगते.

त्याआधी मला काय माहीत नाही तेही सांगायला हवं. तुम्ही दारू घेता का, किती घेता, हे लिहिलेलं नाही. फॅटी लिव्हरच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच. स्टेरॉइड किंवा मानसिक आजारावरची काही औषधं चालू असतील तर चित्र बदलतं. आई-वडिलांना मधुमेह आहे का, तुम्ही सिगारेट ओढता का, हेही हवं. आणि एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतेच: पंचविशीत तुमचं वजन किती होतं? समजा तेव्हा ६१ होतं. मग आजचे ७० म्हणजे नऊ किलोंची वाढ आणि ती बहुतेक सगळी चरबीची. उलट या काळात बैठ्या कामाने स्नायू थोडे झिजलेच असतील, म्हणजे चरबी नऊ किलोंहूनही जास्तच वाढली असणार. आरशात हे दिसत नाही, कारण ती हळूहळू आणि आतल्या बाजूला साठत गेली.

आता बीएमआयबद्दल. बेल्जियमचे गणितज्ञ अडॉल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात 'सरासरी माणूस' कसा असतो याचा अभ्यास करताना वजन आणि उंचीच्या वर्गाचं हे गुणोत्तर मांडलं. एखाद्या रोग्याची तपासणी हा त्यामागचा हेतू नव्हता. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ साली अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. या आकड्यात हाडं, स्नायू, पाणी, चरबी सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं. लाखो लोकांच्या समूहाचा कल पाहायचा असेल तर तो चांगला चालतो. एकट्या माणसाच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून बीएमआय ही थाप नव्हे, पण निकालही नव्हे. दारात उभं राहून घरात किती माणसं असतील याचा अंदाज बांधावा, तसा तो आहे.

चरबीला आपण अडगळ समजतो, पण शरीराच्या लेखी ते कोठार आहे. जास्तीची ऊर्जा तिथे ठेवायची आणि गरज पडली की काढायची. हे कोठार किती महत्त्वाचं आहे हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते लिपोडिस्ट्रॉफीचा पेशंट पाहिल्यावर. हा दुर्मीळ आजार आहे. यात त्वचेखाली चरबी साठतच नाही. मी पाहिलेल्या तरुण मुलीच्या दंडाच्या शिरा आणि पोटऱ्यांचे स्नायू एखाद्या खेळाडूसारखे रेखीव दिसत होते. शरीरात चरबी नाहीच म्हटल्यावर ती सगळ्यांत निरोगी असायला हवी, नाही का? तिला विशीतच तीव्र मधुमेह होता, यकृत चरबीने गच्च भरलेलं होतं आणि ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर होते. कोठारच नसल्यामुळे सगळा माल यकृतात आणि स्नायूंत जाऊन पडला होता. अशा काही रुग्णांना लेप्टिन हे चरबीच्या पेशींतूनच स्रवणारं संप्रेरक बाहेरून देतात. त्याने भूक आवरते आणि साखर, ट्रायग्लिसराइड उतरतात.

म्हणजे त्वचेखालची चरबी मुळात शत्रू नाही. ती एका परीने संरक्षण आहे. कोठार भरून वाहू लागलं की अनर्थ सुरू होतो. मग चरबी पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात, हृदयाभोवती उतरते. यकृताच्या वजनात ५ टक्क्यांहून जास्त चरबी झाली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. असं यकृत इन्शुलिनचं ऐकेनासं होतं. रात्रभर तुम्ही काही खात नाही, तेव्हा यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं आणि इन्शुलिन त्याला "पुरे" म्हणून थांबवत असतं. ऐकू येईनासं झालेलं यकृत साखर सोडतच राहतं. तुमची उपाशीपोटीची १०६ तिथूनच आली असावी. हेच यकृत जास्तीची चरबी रक्तात पाठवतं, म्हणून ट्रायग्लिसराइड २१०. ट्रायग्लिसराइड वाढले की एचडीएल खाली येतं, म्हणून ३६. ही चरबी स्वादुपिंडातही पोचते आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. तुमच्या कागदावर चार-पाच वेगवेगळे दोष दिसतात, पण गोष्ट एकच आहे.

रॉय टेलर आणि रुरी होल्मन या ब्रिटनमधल्या दोन मधुमेह संशोधकांनी २०१५ मध्ये या विचाराला नेमकी मांडणी दिली. प्रत्येकाची चरबी पेलण्याची स्वतःची एक मर्यादा असते. कुणाची बीएमआय २२ लाच संपते, तर कुणाची ३५ ला. ती ओलांडली की साखर बिघडते आणि तिच्याखाली परत आलं की बहुतेकदा सुधारते. माझ्या रोजच्या कामात हा एक विचार बाकी सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त उपयोगी पडलाय.

आता तुमच्या प्रश्नातला लोकसमूहांचा भाग. ही मर्यादा कशाने ठरते? थोडी जनुकांनी, थोडी आईच्या पोटात असताना, थोडी लहानपणी आणि बरीचशी पुढच्या जगण्याने. लोकसमूहांमध्ये हे सगळंच वेगळं असतं, म्हणून सरासरी मर्यादाही वेगळी पडते.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. एक पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे ब्रिटनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आकडा तोच, आतली चरबी दुपटीहून जास्त. मी हा फोटो पेशंटना दाखवते. अर्ध्या तासाच्या समजावणीने जे होत नाही ते या फोटोने होतं.

याज्ञिक यांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली होती. इकडच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५ किलो. लहान बाळात सगळंच थोडं कमी असणार असं वाटतं. तसं नव्हतं. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला किरकोळ, पण आतून चरबी राखून आलेलं बाळ. पोटात असताना पोषण अपुरं पडलं तर शरीर मेंदू आणि चरबी वाचवतं आणि स्नायूंवर काटकसर करतं, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. पुढे हेच मूल भरपूर खायला मिळणाऱ्या, बैठ्या जगात मोठं होतं. दिल्लीत जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांचा अभ्यास २००४ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यात तरुणपणी साखर बिघडलेले बरेचजण तान्हेपणी बारीक होते आणि दोन वर्षांनंतर त्यांचा बीएमआय भराभर वर चढत गेला होता. गंमत म्हणजे त्यातले फार थोडे बालपणी लठ्ठ म्हणता येतील असे होते. ती मुलं स्वतःच्या आधीच्या वाढीच्या मानाने वर चढली होती, इतकंच.

दक्षिण आशियाई माणसाची त्वचेखालची वरवरची साठवण त्या मानाने लवकर भरते, स्नायू सरासरीने कमी असतात आणि चरबी लवकर पोटात उतरते. म्हणूनच त्यांच्यासाठी पट्ट्या वेगळ्या केल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकसंख्यांसाठी नेहमीच्या २५ आणि ३० च्या जोडीला २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवले. घेराच्या बाबतीत दक्षिण आशियाई पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. युरोपीय मूळाच्या पुरुषांना ९४ आणि स्त्रियांना ८०. तुमचा घेर ९४ आहे, म्हणजे तुमच्या पट्टीने तुम्ही ओलांडून पुढे गेलात आणि युरोपीय पट्टीच्याही काठावर आहात. जपानमध्ये पुरुषांना ८५ आणि स्त्रियांना ९० अशी उलटीच वाटणारी पट्टी आहे. तिथे सीटी स्कॅनवर पोटाच्या आतल्या चरबीचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर ज्या घेराला भरतं, तो घेर धरला. तिथल्या स्त्रियांमध्ये बरीच चरबी त्वचेखाली असल्याने त्यांचा आकडा मोठा आला. एकच टेप, पण तिच्यामागचा हिशेब वेगळा.

तुमच्या तुलनेला सरळ उत्तर देणारा अभ्यास २०२१ मध्ये इंग्लंडमधून आला. सुमारे १४.७ लाख लोकांच्या नोंदी पाहून त्यांनी विचारलं: गोऱ्या माणसाला बीएमआय ३० ला टाइप टू मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढाच धोका इतरांना कितीला येतो? दक्षिण आशियाई लोकांना २३.९ ला, अरब लोकांना २६.६ ला, चिनी लोकांना २६.९ ला आणि कृष्णवर्णीय लोकांना २८.१ ला. तुमचा २३.७ आणि तिचा ३१. कागदावर सात अंकांचं अंतर, पण मधुमेहाच्या हिशेबाने तुम्ही दोघं जवळजवळ एकाच पायरीवर उभे आहात.

इथे थोडं थांबून एक सावधगिरी सांगते, कारण या आकड्यांचा चुकीचा अर्थ पटकन लावला जातो. हे आकडे मधुमेहाचे आहेत. रक्तदाब, सांधे, झोप, कर्करोग यांची गणितं तशीच चालत नाहीत. कृष्णवर्णीय लोकांत त्याच घेराला पोटातली चरबी सरासरीने कमी सापडते आणि ट्रायग्लिसराइडही कमी असतात. म्हणून त्यांचा लिपिडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट छान दिसतो आणि डॉक्टर निश्चिंत होतात. प्रत्यक्षात रक्तदाबाचा आणि मधुमेहाचा भार त्यांच्यावर मोठा असतो. ट्रायग्लिसराइडकडे बघून धीर देण्याची चूक मीही पूर्वी केली आहे. एका पेशंटचा रक्तदाब तीन भेटींत काठावर होता, आणि मी त्याच्या लिपिडचं कौतुक करत राहिले. आता मी तसं करत नाही.

पॉलिनेशियन लोकांचं आणखी वेगळं. त्याच बीएमआयला त्यांच्या अंगात स्नायू जास्त आणि चरबी कमी असते. म्हणून त्यांना ३० ची पट्टी जरा कडक पडते. तरीही प्रशांत महासागरातल्या बेटांवर मधुमेहाचं प्रमाण जगात सगळ्यांत जास्त असलेल्यांपैकी आहे, कारण वजन सरासरीने फारच पुढे गेलंय. समोआमध्ये २०१६ साली एक विलक्षण गोष्ट हाती लागली. सीआरईबीआरएफ नावाच्या जनुकाचा एक प्रकार तिथे बऱ्याच लोकांत आहे. तो ज्यांच्यात आहे त्यांचं वजन जास्त असतं, पण मधुमेहाचा धोका कमी असतो. एकाच बेटावर, एकाच मूळाच्या लोकांत कुणाचं कोठार मोठं, कुणाचं लहान. तेव्हा "अमुक वंशाचा म्हणजे अमुक धोका" असं कुणी ठामपणे सांगू लागलं तर ते अर्धवट आहे असं समजा.

आणि सगळं जनुकांवर ढकलून मोकळंही होता येत नाही. पिमा आदिवासींचं उदाहरण मी कधी विसरत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनातले पिमा आणि मेक्सिकोच्या डोंगराळ भागातले पिमा मुळात एकाच वंशाचे. २००६ मध्ये छापलेल्या तुलनेत ॲरिझोनातल्या प्रौढांत मधुमेह ३८ टक्के होता, मेक्सिकोतल्यांत ६.९ टक्के. मेक्सिकोतले पिमा शारीरिक कष्ट कितीतरी जास्त करत होते आणि बरेच सडपातळ होते. जनुकांनी दार उघडं ठेवलेलं असतं, आत काय शिरतं ते जगण्यावर ठरतं.

तुमच्या तुलनेत आणखी एक फरक दडला आहे आणि तो बहुधा तुमच्या लक्षात आला नसेल. ती स्त्री आहे, तुम्ही पुरुष. फ्रान्समधल्या मार्सेचे डॉक्टर जाँ वाग यांनी १९४७ मध्येच दाखवलं होतं की लठ्ठपणाचे दोन ढंग असतात: कमरेच्या वर, पोटावर साठणारा आणि कमरेखाली, नितंब-मांड्यांवर साठणारा. मधुमेह आणि हृदयविकार पहिल्याच्या मागे जास्त लागतात. रजोनिवृत्तीपूर्वी बहुतेक स्त्रियांची चरबी मांड्यांवर जाते, इस्ट्रोजेनचा त्यात मोठा हात असतो. ती चरबी तुलनेने शांत असते, घेतलेला माल धरून ठेवते. पुढे ५२ देशांतल्या सुमारे २७,००० लोकांवर झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याचा अंदाज बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंबांच्या गुणोत्तराने बराच चांगला आला. तेव्हा तुमच्यातला फरक मूळाचा किती, लिंगाचा किती आणि तिच्या स्वतःच्या शरीराचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. दोन माणसांच्या तुलनेवरून नियम काढायचा नसतो, तो यासाठीच.

तिच्याबद्दलही दोन शब्द, कारण "जाड असून ठणठणीत" हे वाक्य मला काळजीत टाकतं. ब्रिटनमधल्या ३५ लाख लोकांच्या नोंदींवरून २०१७ साली एक अभ्यास आला होता. लठ्ठ, पण मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी काहीही नसलेल्या माणसांना त्यांनी सामान्य वजनाच्या तशाच माणसांशी ताडून पाहिलं. लठ्ठ माणसांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका ४९ टक्क्यांनी जास्त होता आणि हार्ट फेल्युअरचा धोका जवळजवळ दुप्पट. शिवाय गुडघे साखरेकडे बघत नाहीत, ते वजनाकडे बघतात. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे मानेभोवतीच्या चरबीवर अवलंबून असतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जास्तीच्या चरबीचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी जोडला आणि त्यात रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग येतात. आणि रजोनिवृत्तीनंतर चरबी पोटाकडे सरकते. तिचे रिपोर्ट आज चांगले आहेत याचा अर्थ तिला अजून वेळ आहे, इतकाच. वजनावरून तिला बोलू नका, ते तुमचं काम नाही. पण तिने विचारलं तर हे जरूर सांगा.

आता तुमच्याकडे वळते. पहिलं काम टेपचं. तुम्ही ९४ कसा मोजलात ते लिहिलं नाही. पँटच्या मापावरून सांगितला असेल तर खरा घेर त्याहून जास्त असण्याची शक्यता आहे, कारण पोट सुटलेले पुरुष पँट पोटाखाली बांधतात आणि माप वर्षानुवर्षं तेच राहतं. माझ्याकडे एकजण "३४ इंच, कॉलेजपासून तेच" असं अभिमानाने सांगत होते. पट्टा बेंबीखाली चार बोटं होता. मी शर्ट वर करायला सांगितला, सगळ्यांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपला, दोन्हींच्या मधोमध टेप धरली. त्यांनी लगेच श्वास ओढून पोट आत घेतलं. सगळेच घेतात. "सहज श्वास सोडा," म्हटलं, आणि श्वास सुटल्यावर टेपवर ९९ सेंटिमीटर आले, म्हणजे जवळपास ३९ इंच. ते बराच वेळ टेपकडेच बघत होते. असंच सकाळी, उघड्या पोटावर, श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर ठेवून मोजा. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा हा साधा नियम जवळपास सगळ्या लोकसमूहांना बरा लागू पडतो. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनेही २०२२ मध्ये प्रौढांना हेच सांगितलं. तुमच्या उंचीच्या निम्मे म्हणजे ८६.

घरच्या वजनकाट्यावर जो चरबीचा टक्का दिसतो, त्यावर फार विसंबू नका. पाणी प्यायल्यावर, घाम गेल्यावर तो हलतो.

वजन कमी करायचं का? हो, पण थोडंच. तुम्हाला ५ ते ७ टक्के पुरे, म्हणजे साडेतीन ते पाच किलो. "आहेच काय अंगावर" याचं उत्तर यकृतात आहे. रॉय टेलर यांच्या गटाने जाड नसलेल्या मधुमेही लोकांवर, बीएमआय २७ पर्यंतच्या, २०२३ मध्ये एक लहान अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २० जणांपैकी १४ जणांचा मधुमेह वजन उतरल्यावर औषधाविना माघारी गेला. ही सगळी माणसं तुमच्यासारखीच "मी कुठे जाड आहे" म्हणणारी होती. गट लहान आहे हे खरं, पण मला माझ्या पेशंटमध्येही हेच दिसतं. आतली चरबी शेवटी भरते आणि आधी निघते. यकृतातली चरबी तर काही आठवड्यांत उतरू लागते, आरशात फरक दिसण्याच्या कितीतरी आधी.

मात्र तुमच्या बाबतीत एक धोका आहे, म्हणून उपाशी राहण्याच्या वाटेला जाऊ नका. स्नायू मुळात कमी असलेल्या माणसाने भराभर वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूंतच जाते, तेच कमी झाले तर एका हाताने कमावलेलं दुसऱ्या हाताने गमावल्यासारखं होतं. म्हणून माझा आग्रह असतो तो आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलण्याच्या व्यायामाचा, मांड्या आणि पाठीच्या मोठ्या स्नायूंवर भर देऊन. सोबत चालणं. जेवणात प्रथिनं पुरेशी, साखर, पिठूळ पदार्थ आणि दारू कमी. झोप पुरी. सिगारेट असेल तर ती बंद, कारण सिगारेट ओढणाऱ्यांची चरबी त्याच वजनाला पोटाकडे जास्त जाते.

वजन फारसं हललं नाही तर? तरीही व्यर्थ नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं आणि तिथे वजन उतरण्याचा वाटा मोठा होता. भारतात असाच अभ्यास २००६ मध्ये आला. तिथे वजन जवळपास तसंच राहिलं, तरी प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. म्हणून मी पेशंटना काटा महिन्यातून एकदाच बघायला सांगते, टेप मात्र दर पंधरा दिवसांनी.

तपासण्यांचं थोडक्यात: रक्तदाब मोजून घ्या, तो तुम्ही लिहिलेला नाही. एएलटी, एएसटी (यकृताच्या रक्ततपासण्या) आणि प्लेटलेट करून घेतलेत की वय धरून फिब-४ नावाचा आकडा काढता येतो, त्यावरून यकृतात व्रण पडू लागलेत का याचा अंदाज येतो. ग्रेड वन शब्दावर घाबरूही नका आणि निश्चिंतही होऊ नका, सोनोग्राफीची ग्रेड हे सांगू शकत नाही. रक्त कमी असेल तर एचबीए१सी फसवा येतो, म्हणून हिमोग्लोबिनही पाहा. औषधं आत्ता लागतील असं मला वाटत नाही, पण तो निर्णय तुम्हाला समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

तीन महिन्यांनी हेच आकडे पुन्हा करा: घेर, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड, एएलटी, एचबीए१सी. घेर तीन-चार सेंटिमीटर उतरला तर बहुतेकदा ट्रायग्लिसराइड आणि एएलटी आधी हलतात, उपाशीपोटीची साखर त्यांच्यामागून येते, एचडीएल सगळ्यांत शेवटी. ते आकडे इथे लिहा आणि पंचविशीतलं वजनही लिहा. घेर उतरला, यकृत सुधारलं आणि साखर मात्र जागची हलली नाही, किंवा वजन आपोआप घटतंय आणि साखर वाढतेय असं दिसलं, तर तीन महिने थांबू नका. मग इन्शुलिन मुळातच कमी बनतंय का ते तपासावं लागेल आणि त्याची वाट वेगळी आहे.